दुसरी घंटी

१

मी चौथी शिकलो. त्यानंतर बापाच्या मेंढरांमागं गेलो आणि पंचविसाव्या वर्षी टेलिफोन खात्यात खांब रोवायला लागलो. खांब रोवता रोवता लाइनमन झालो. माझ्या हातच्या जोडाला दुसऱ्या कोणाला कधी हात लावावा लागला नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं गोरेगावच्या रस्त्याला जुने खांब अजून उभे आहेत, ते चढून पाहावेत.

आमच्या गावात एक्स्चेंज आलं १९९४ साली. तेव्हा जिल्हा परभणीच होता. ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, रजिस्टर, तपासणीचा फोन आणि मी. आतल्या खोलीत मशीन. माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट, त्यात हिरव्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या, पट्ट्यांवर बारके लाल दिवे. खाली बॅटऱ्या. गावात कोणी फोन उचलला की कपाटात टक् वाजायचं. ठेवला की पुन्हा टक्. त्या आवाजावरून मला कळायचं, गाव कामात आहे की जेवायला बसलंय.

रोज बारा वाजता मी बॅटऱ्यांचं पाणी बघायचो आणि मग बाहेरगावी जाणाऱ्या सहा लाइनी तपासायचो. एकेका लाइनीवरून कुठंतरी फोन लावायचा आणि आवाज पोचतो का बघायचं. सहाव्या लाइनीवरून मी केशरच्या सासरी लावायचो. केशर माझी एकुलती लेक. नरसीच्या अलीकडं एका वाडीवर दिलेली. सरकारी फोनवर घरचं बोलणं मला पटत नाही. म्हणून मी बोलायचो नाही, मोजायचो. दहापर्यंत.

आमच्यात मोजताना एक म्हणत नाहीत. धान्य असो, मेंढरं असो, पहिल्याला लाभ म्हणतात. एक म्हटलं की ते एकटंच राहतं, वाढत नाही, असं बाप सांगायचा. मी म्हणायचो, लाभ, दोन, तीन, चार, असं दहापर्यंत. पलीकडून केशर म्हणायची, "ऐकू आलं, बापू." मी फोन ठेवायचो. तीन वर्षांत त्या फोनवर आमच्यात यापेक्षा जास्त काही झालं नाही. तिला दिवस गेल्याचं कळलं, त्या दुपारीही मी दहापर्यंतच मोजलं. जरा सावकाश मोजलं, एवढंच.

१९९८ च्या चैत्रातली गोष्ट. सहावी लाइन लावली. केशरनं उचलला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"आता पुन्हा काहून, बापू? आताच तर मोजलं तुमी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् आज एक काहून म्हणले?"

२

दुसऱ्या एखाद्या लाइनमननं थट्टा केली असेल, असं मी धरलं. तारेवर चढून दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणारे रिकामटेकडे खात्यात कमी नव्हते. दोन दिवस मी तारा तपासत फिरलो. कोणी तारेला हात लावलेला नव्हता.

मग लोक यायला लागले. पहिला हरिचंद किराणावाला. त्याच्या दुकानातच गावाचा पैशाचा फोन होता.

"मसाजीभाऊ, तुमचं मशीन लई शहाणं झालं," तो म्हणाला. "मी नंबर फिरवला न्हाई, अन् हिंगोलीचा व्यापारी सांगून राहिला, साखर निघाली म्हणून. म्या मागवली कधी?"

"मागवायची होती का?"

"मागवायची तर होती. मनातच होतं."

"मग झालं तर. एक फोन वाचला."

तो हसला. मी हसलो नाही.

चार दिवसांनी तांड्यावरचा प्रेमदास आला. तो बसला नाही. दारातच उभा राहिला.

"माझ्या पोरीची सोयरीक मी मोडली म्हणतेत तिकडचे. माझ्याच आवाजात. शितलचं लगन आमाला करायचं न्हाई, असं मी बोललो म्हणतेत."

"आणि तू बोलला न्हाईस?"

त्यानं पागोटं सारखं केलं. "बोलणार व्हतो," तो म्हणाला. "पोरगा पिऊन पडतो असं कळलं व्हतं. पण बोललो न्हवतो, मसाजी. आईची आण. अजून माझं ठरत व्हतं."

मी वरच्या ऑफिसात कळवलं. साहेबानं ऐकून घेतलं आणि तिकडं दोनचार जणांना ऐकू जाईल असं विचारलं, "मसाजी, दुपारची घेऊन राहिले काय?" मी जन्मात थेंब घेतला नाही. मी फोन ठेवला तो रागानं. दुसऱ्या कशानंही नाही.

त्याच दुपारी मी खोलीचं दार लोटलं, तपासणीचा फोन उचलला आणि कोणताही नंबर न फिरवता कानाला लावला. तारेची गुणगुण. आत कपाटात एक टक्. मनात म्हटलं, आता मोजतो. जीभ टाळूला लागली नव्हती. कानात मोजणी सुरू झाली.

एक, दोन, तीन.

आवाज माझा होता. माझा पुढचा दात अर्धा तुटलेला आहे, तीन म्हणताना त्यातून वारा जातो. तो वारासुद्धा होता.

मी डोंगरात मेंढरं राखलीत. हाक मारली की हाक परत येते, हे मला कोणी शिकवायला नको. पण परत येणारी हाक मागून येते. ही आधी आली.

३

मग मी वरच्या ऑफिसला लिहून कळवलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी वैशाख लागता लागता ज्यांनी मशीनचा प्रोग्राम केला त्यांच्याकडून एक पोरगेला इंजिनिअर आला. दत्तप्रसाद त्याचं नाव. नांदेडकडचा, चष्म्याचा, वाळका. माझ्याशी नीट बोलला. एवढ्या सगळ्यात नीट बोलणारा तो एकटाच.

दोन दिवस तो कपाटापुढं मांडी घालून बसला. मांडीवर उघडझाप करायचा कॉम्प्युटर, त्यातून एक वायर कपाटात. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "सापडलं, काका."

"कोण?"

"कोण नाही. काय. बघा, मशीनला डोकं एकच आहे. ते एक काम करत असतं, तेवढ्यात कुठून तरी घंटी येते. कोणी फोन उचलला, कोणी नंबर फिरवला. की हातातलं काम तसंच ठेवून ते तिकडं धावतं. तिकडचं उरकतं, परत येतं आणि सोडलं तिथून पुढं चालू करतं."

"बरं."

"पण एका घंटीचं लिहून घेताना, अगदी त्याच क्षणी दुसरी आली तर? अर्धं लिहिलेलं तसंच राहतं, आणि दुसरी त्याच जागेवर आपलं लिहून जाते. मग आधी कोण आलं, नंतर कोण, मशीनला कळत नाही. आम्ही याला रेस म्हणतो. शर्यत."

मला ते त्याच्यापेक्षा लवकर कळलं. मेंढवाड्याचं तोंड रुंद ठेवलं की असंच होतं. मेंढरं आत शिरताना माणूस मोजत असतो. मागून कोणी हाक मारली, त्यानं मान वळवली, परत वळेपर्यंत दोन शिरलेली असतात आणि तोंडातला आकडा एकानंच पुढं जातो. आमचा बाप मोजताना कोणाची हाक ऐकत नव्हता. घर पेटलं असतं तरी ऐकली नसती. हे मी दत्तप्रसादला सांगितलं.

तो खूश झाला. "हेच करायचंय, काका. मोजणी चालू असली की घंटी बंद. मोजणी संपली की चालू."

"अन् तेवढ्यात आलेली घंटी?"

"ती थांबते. मशीनमध्ये एक खूण होते, घंटी येऊन गेली म्हणून. मोकळं झालं की मशीन ती खूण बघतं."

"खुणा किती?"

"एक."

"तेवढ्यात दोन घंट्या आल्या तर?"

त्यानं कप खाली ठेवला. "तर एकच धरली जाते."

"दुसरीचं काय?"

"दुसरी आलीच नाही, असं मशीन समजतं." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "क्षणाचा हजारावा भाग असतो हो, काका. तेवढ्यात कोण दोनदा येतंय?"

मी त्याला आवाजाचं सांगितलं. सगळं सांगितलं, केशरचं, प्रेमदासचं, दाताच्या वाऱ्याचं. तो हसला नाही. आवाजाचा तुकडा जुन्या जागी अडकून राहतो आणि भलत्या लाइनीवर सुटतो, असं म्हणाला.

"अडकून राहिलेला तुकडा मागून यावा. आधी कसा येतो?"

तो चष्मा पुसत राहिला. काच स्वच्छच होती.

४

दुरुस्ती करण्याआधी दोष पुन्हा घडवून बघायचा, अशी त्याची रीत होती. मला ती रीत आवडली. एक फोन पुढच्या खोलीत माझ्याकडं, दुसरा आतल्या खोलीत त्याच्याकडं. त्यानं 'हं' म्हटलं की दोघांनी एकदम उचलायचे आणि मोजायचं. तो एक म्हणणार, मी लाभ. म्हणजे घोटाळा होणार नाही.

दहा वेळा काही झालं नाही. बाहेर ऊन पांढरं पडलं होतं. ग्रामपंचायतीपुढं एक शेळी उभी होती, तेवढीच हालचाल. अकराव्या वेळी उचलला आणि तिघं मोजायला लागले.

मी लाभ म्हटलं. त्याचा बारीक आवाज एक म्हणाला. आणि माझा आवाज एक म्हणाला.

पाचपर्यंत आम्ही तिघं बरोबर गेलो. सहाला दत्तप्रसाद थांबला. सातला मी थांबलो. तो तिसरा थांबला नाही. दहापर्यंत शांतपणे मोजून मग फोन ठेवल्याचा टक् आला. आम्ही दोघांनीही ठेवलेला नव्हता.

दत्तप्रसाद आतून बाहेर आला. "तुमचा आवाज दोनदा आला," तो म्हणाला.

"मी एक म्हणत न्हाई. जन्मात म्हटलं न्हाई."

"म्हणून तर दुरुस्त करायचं ना, काका," तो म्हणाला. पण माझ्याकडं न बघता म्हणाला.

त्यानं मशीन बंद केलं. पट्टीतून चिप उपटली, एका डबीत निळ्या दिव्याखाली धरून पुसली, कॉम्प्युटरवरून तिच्यात नवं लिहिलं आणि अंगठ्यानं दाबून परत बसवली. तासभर कपाटात टक् झालं नाही. मला कान गेल्यासारखं वाटलं. मग त्यानं बटण दाबलं आणि दिवे खालून वर लागत गेले.

आम्ही शंभर वेळा फोन उचलले. मी रजिस्टरच्या मागच्या पानावर शंभर रेघा मारल्या. एकदाही काही झालं नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, हे कबूल करतो. मी स्वतः म्हटलं, "साहेब, सहावी लाइन लावून बघतो."

लावली. केशरनं उचलला. मी श्वास घेतला.

"ऐकू आलं, बापू," केशर म्हणाली. "आज बराबर लाभ म्हणले."

आणि तिनं ठेवला.

मी फोन हातात धरून दत्तप्रसादकडं वळलो. "साहेब, मी तोंड उघडलं न्हाई."

"काका, मी इथंच उभा आहे. तुम्ही दहापर्यंत मोजलंत."

"मी मोजलं न्हाई."

"तुमचं लक्ष नसेल. दिवसभर तेच करतोय आपण." त्यानं रजिस्टरकडं बोट केलं. सहाव्या लाइनीपुढं माझी खूण होती, मी रोज करतो तशी तिरपी. शाई ओली होती. माझ्या दुसऱ्या हातात पेन होतं.

मी ती खूण केली होती का? आजही मला सांगता येत नाही. शपथेवर मी एवढंच सांगेन की मी लाभ म्हटलं नव्हतं. आतापर्यंत तारेवरच्या त्या आवाजाला लाभ म्हणणं ठाऊक नव्हतं. मोजणी आता त्याची बरोबर झाली होती.

दत्तप्रसादनं रजिस्टरात लिहिलं, दोष दूर. खाली सही केली. उन्हं कलायच्या आत तो जीपनं गेला. त्या दुरुस्तीबद्दल वर त्याची पाठ थोपटली, असं पुढं कानावर आलं.

५

पहिलं बाळंतपण माहेरी. शुक्रवारी दुपारी मी न्यायला येईन, असं मी महिन्याभरापूर्वी व्याह्यांना, जळबांना, निरोप धाडून कळवलं होतं. आमच्याकडं बाप दारात आल्याशिवाय सासरचे गरवार लेक सोडत नाहीत. आणि बाप आला की काही विचारत नाहीत.

त्या आठवड्यात हे दुसरं वाक्य मला झोपू देईना. साखर आली तर परत धाडता येते. सोयरीक पुन्हा जुळते. पण माझ्या आवाजात कोणी केशरला म्हणालं, ऊठ, चल, तर ती उठेल. आठव्या महिन्याचं पोट घेऊन उठेल आणि कोणाच्या मागं जाईल? मी स्वतःलाच शिव्या दिल्या. आवाजाला पाय नसतात. तार घरापर्यंत येते, ती भिंतीला संपते. हे मी स्वतः ठोकून ठोकून केलेलं काम आहे. मला भुतंखेतं सांगू नये कोणी.

तरी गुरुवारी मी माझा नेम मोडला. सरकारी फोनवरून घरचं बोलायला बसलो. केशरला एवढंच सांगायचं होतं की मी समोर दिसल्याशिवाय पायरी उतरू नको. जळबांचा फोन व्यस्त लागला. तासानं लावला, व्यस्त. संध्याकाळपर्यंत व्यस्त. एवढं कोण बोलतंय तिच्याशी, असं मनात आलं आणि मी फोन आपटला. त्याची दांडी तडकली. तो तडा माझ्या नोकरीतला पहिला.

मी मनात ठरवलं, दुपारची वाट बघायची नाही, सकाळी दहालाच निघायचं. कोणाला बोललो नाही. बायकोला, चंदाबाईलाही नाही.

शुक्रवारी दहा वाजता संतरामची जीप केली. संतराम बोलका माणूस, मी उत्तर देत नाही म्हणून स्वतःशीच बोलत होता. सेनगाव मागं पडलं. नरसीच्या अलीकडं एका वळणावर समोरून जीप आली. रस्ता अरुंद, दोन्ही गाड्या सावकाश झाल्या, धुरळ्यात एकमेकींना घासून गेल्या. मागच्या बाकावर मोतिया रंगाचं लुगडं दिसलं. मी संक्रांतीला घेतलेलं. तिच्या शेजारी माझ्यासारखाच लाल फेटा, तोंड पलीकडच्या बाजूला.

"थांब," मी म्हणालो.

संतरामनं ब्रेक लावला. "काहून? कोण व्हतं?"

मी काय सांगणार होतो? केशर तिच्या बापाबरोबर चालली आहे, असं? बाप तर इथं बसलाय. चौथी शिकलेल्या माणसालाही एवढा हिशोब येतो.

"कोणी न्हाई. चल," मी म्हणालो.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य ते. मी स्वतःला त्याबद्दल माफ केलेलं नाही.

जळबा ओट्यावरच होते. मला बघून मोठ्यानं हसले. "इवाई, आता काय राहिलं? लेक नेली, ओटी भरून दिली, लाडू दिले. आता आमची म्हातारी न्यायची राहिली व्हय?"

"मी कधी आलो?"

"उन्हं लागली काय तुमाला? आत्ता तर गेलात. बशी अजून हितंच हाय."

ओट्याच्या कडेला बशी होती. तळाशी चहा. त्याच्यावर माशी बसलेली.

"काय बोललो मी?"

"तुमी कधी बोलता?" जळबा म्हणाले. "दुपारच्या ऐवजी सकाळीच निघायचं ठरवलं, एवढं बोललात. अन् चला म्हणले." मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि त्यांचं हसू हळूहळू थांबलं. डोळे माझ्या तोंडावरून फेट्यावर गेले, फेट्यावरून खाली पायांपर्यंत आले.

"इवाई," ते म्हणाले, "तुमी जा. पोरगी घरी वाट बघत असंल." आणि ते ओट्यावरून उठून आत गेले. मला बसा म्हटलं नाही.

६

घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मी पुढच्या दारानं गेलो नाही. स्वतःच्या घरात कोणत्या तोंडानं शिरायचं ते कळेना. मागच्या बोळातून न्हाणीकडं आलो. हातात काठी होती.

आतून केशरचा आवाज आला. धड, हसता. मी भिंतीला टेकलो.

"बापू जीपीत एक शब्द बोलले न्हाईत," ती सांगत होती. "खड्डा आला की निस्तं माझ्या पाठीमागं हात धरत व्हते. येवढं तर लहानपणीसुदिक केलं न्हाई त्यांनी."

"तसेच हायेत ते," चंदाबाई म्हणाली. "पोटात ठेवतेत. कुठं गेले?"

"पाय धुवून राहिले."

न्हाणीच्या फरशीवर पाणी सांडलेलं होतं. तिथून घराच्या कोपऱ्याकडं ओली पावलं गेली होती. माझ्या डाव्या पायाचा अंगठा खांबाखाली चेंबलाय, त्याचा ठसा आडवा पडतो. तो आडवा पडला होता. वैशाखातलं दोनचं ऊन. त्या फरशीवर ओला ठसा दहा मोजेपर्यंत टिकत नाही. मी बघत असताना टाचा वाळल्या. बोटं अजून ओली होती.

मी मान वर केली. कोपऱ्यावरून फेट्याचा लाल शेमला आत ओढला गेला. जाणारा घाईत नव्हता.

अंगातलं सगळं रक्त डोक्यात चढलं. मी काठी उचलली, पाऊल टाकलं आणि हाक द्यायला तोंड उघडलं. कोण हाय रे, असं ओरडणार होतो.

"कोण हाय रे मागं?"

हाक कोपऱ्यापलीकडून आली. माझ्या आवाजात, माझ्या रागात. चोराला दरडावतात तशी.

मागचं दार उघडलं. चंदाबाई उंबऱ्यात आली. तिच्यापासून तीन हातांवर मी उभा होतो, काठी वर धरलेली, तोंड उघडं. तिनं कपाळावर हात धरून उन्हात बघितलं. तिची नजर माझ्यावरून फरशीकडं गेली, फरशीवरून बोळाकडं गेली.

"कोणी न्हाई," ती आत वळून म्हणाली. "कुत्रं असंल. तुमी बसा, ताट वाढलं."

दार लागलं. आत पाट सरकल्याचा आवाज आला.

७

मी किती वेळ तिथं उभा होतो, माहीत नाही. नंतर पुढच्या दारानं आत गेलो. घरात त्या दोघीच होत्या. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. चंदाबाई म्हणाली, "आता पुन्हा भूक लागली व्हय?" आणि मला भाकरी दिली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी बघितलं तिच्या तोंडाकडं, बराच वेळ बघितलं. ती माझी बायको होती. तिनं भाकरी दिली, मी खाल्ली.

त्यानंतर मी दत्तप्रसादला तीन पत्रं लिहिली. चौथी शिकलेल्या माणसाला पत्र लिहायला किती वेळ लागतो ते त्याला काय कळणार. तिन्हींत एकच गोष्ट विचारली होती, दुसऱ्या घंटीचं काय होतं ते नीट कळवा. एकाचं उत्तर आलं, टाइप केलेलं. दुरुस्तीनंतर तपासणीत दोष आढळलेला नाही. खरंच आढळला नव्हता. हरिचंदाची तक्रार थांबली. प्रेमदासची थांबली. गावात कोणाचा फोन पुन्हा चुकला नाही. लोक मला म्हणायचे, मसाजी, मशीन सुधरलं बघा.

आषाढात केशरला मुलगी झाली. दोघी सुखरूप. हे खरं आहे आणि त्यात मी काही खोट काढणार नाही.

नावाचा विचार माझ्या मनात होता. मी पाच वर्षांचा असताना आईला मुलगी झाली होती, सव्वा महिन्यात गेली. गिरजा. आईनं ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही, बापानं घेतलं नाही. ते नाव माहीत असलेलं माणूस माझ्याशिवाय जगात उरलं नव्हतं, आणि मी ते तोंडानं एकदाही उच्चारलं नव्हतं. बाराव्या दिवशी पाळण्यापाशी जाऊन सांगावं, असं धरून होतो. त्या दिवशी नवा फेटा बांधला. फेटा बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. बाहेर आलो तर बायका पाळणा म्हणत होत्या. केशरची नणंद बाळाच्या कानाशी वाकली होती.

"गिरजा नाव ठेवलं," केशर मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "बापू, तुमाला बहीण व्हती हे कधी सांगितलंच न्हाई तुमी. आज सांगितलं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? ती रडत होती, आनंदानं रडत होती. एवढं बोलणं तिला बापाकडून कधी मिळालं नव्हतं.

२००५ साली एक्स्चेंज बंद पडलं. मोबाइल आले. बॅटऱ्या मी स्वतः सोडवल्या, कपाट माझ्या डोळ्यांदेखत भंगाराच्या ट्रकात चढलं. त्या खोलीत आता रेशनचा माल असतो. मशीन गेलं म्हणून काही बदललं नाही. मी पोचतो तिथं मी आधी येऊन गेलेलो असतो. केशर सणाला येते, बापाशी बोलून हसत परत जाते. गिरजा शाळेत आहे. आजा गोष्टी छान सांगतो म्हणते.

आता मी मनात काही ठरवत नाही. कुठं जायचं असलं तर पायांना ऐन वेळेपर्यंत कळू देत नाही. कोणाला काही द्यावं, काही गोड बोलावं, असं मनात आलं की ते तिथंच दाबून टाकतो, कारण मनात धरलं की ते माझं राहत नाही. राग तेवढा येतो. तो ठरवून येत नाही. म्हणून तो अजून माझा आहे.